व्हँपायरला १४६२ सालात पाठवलंय, पण पटत नाहीये. मदत हवी

शिळी_भाकरी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेलं दीड वर्ष रात्रीची झाकपाक झाली की एक कादंबरी लिहायला बसते. काळप्रवास आहे, हाणामारी आहे आणि (हसायचं नाही) व्हँपायर आहे. नायिका इरा, वय ३४, पुण्यात शिकलेली. जुनी हाडं तपासून माणूस कशाने मेला, मेल्यावर त्याचं काय झालं हे सांगणं हा तिचा पेशा. रुमानियात एका उत्खननावर असताना ती थेट जून १४६२ मध्ये जाऊन पडते. जागा: वलाकिया (आजच्या रुमानियाच्या दक्षिणेतलं तेव्हाचं राज्य), त्याची राजधानी तिर्गोविश्ते. राजा व्लाड तिसरा, म्हणजे ज्याला जग ड्रॅक्युला म्हणतं तो. नऊ वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल घेणारा सुलतान मेहमेद दुसरा डॅन्यूब ओलांडून त्याच्यावर चालून आलाय. १७ जूनच्या रात्री व्लाड सुलतानाच्या छावणीवर छापा घालतो. इथवर सगळं खरं घडलेलं. माझी भर एवढीच की व्लाड खरोखरचा व्हँपायर आहे आणि त्याचं घोडदळही. इरा तलवार घेऊन लढते, व्लाड थेट सुलतानासमोर पोचतो, तेवढ्यात पहाटे उन्हाची तिरीप पडते, अर्धं घोडदळ जळून राख होतं आणि म्हणून सुलतान वाचतो.

हस्तलिखित एका प्रकाशकाकडून साभार परत आलंय. सोबत दोनच शब्द: 'पटत नाही.' काय पटत नाही हे काही कळेना. पहिल्या प्रकरणातला तुकडा देते:

"इरा शुद्धीवर आली तेव्हा म्हातारी चुलीवर मक्याची मामालिगा ढवळत होती. 'आज तारीख काय?' इराने रुमानियनमध्ये विचारलं. 'सतरा जून चौदाशे बासष्ट,' म्हातारी म्हणाली. दूर टेकडीवर ब्रानचा किल्ला चांदण्यात न्हाऊन निघाला होता. पौर्णिमा होती."

झोडा बिनधास्त.

तिरकस_तिर्री

व्हँपायर पटला. म्हातारी नाही पटली. कुठली म्हातारी तारीख विचारल्यावर सनासकट सांगते? आमची आजी 'दसऱ्याच्या आधीचा बुधवार' असं सांगायची.

मोडीवाचक

तिर्री गमतीत बोलले, पण दुखरी नस तीच आहे. ताई, रागावू नका, एकेक घेतो.

मका. मका अमेरिकेतला, कोलंबस निघाला १४९२ ला. तुमच्या म्हातारीला तो कुठून मिळाला? मामालिगा तेव्हाही असणार, पण भरडधान्याची. आपल्या वरईच्या जातीचं धान्य तिकडे पिकायचं, त्याची लापशी. (आपल्याकडचे ऐतिहासिक कादंबरीकारही यादवांच्या सैनिकांना मिरचीचा ठेचा खाऊ घालतात, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.)

तारीख. वलाकियात तेव्हा सृष्टीच्या आरंभापासून वर्षं मोजत, बायझंटाइन पद्धतीने, आणि वर्ष सुरू व्हायचं १ सप्टेंबरला. १४६२ च्या जूनमध्ये एखाद्या पाद्र्याला साल विचारलंत तर तो सांगेल ६९७०. म्हातारी फार तर सांगेल की अमक्या संताच्या सणाला इतके दिवस राहिले.

भाषा. आजची रुमानियन बोलून इराचं भागेल, पण अडखळत. रुमानियनमधला उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना दस्तऐवज १५२१ चा आहे, कुंपुलुंगच्या एका व्यापाऱ्याचं पत्र. त्याआधी दरबारी लिखाण स्लाव्होनिक (चर्चची जुनी स्लाव्ह भाषा) नाहीतर लॅटिनमध्ये. म्हणजे तुमच्या म्हातारीची बोली आज कोणालाच नेमकी माहीत नाही. ही अडचण नाही, संधी आहे! इराला अर्धवटच कळू द्या.

ब्रान. हा किल्ला पर्यटकांचा ड्रॅक्युला-किल्ला. तो ट्रान्सिल्व्हानियाच्या बाजूला आहे, व्लाडचं निवासस्थान कधीच नव्हतं आणि तिर्गोविश्तेतून दिसायचा प्रश्नच नाही, मध्ये अख्खा कार्पेथियन उभा आहे. व्लाडचा म्हणावा असा किल्ला पोएनारी, आर्जेश नदीच्या खोऱ्यावर. आज तिथे चढायला १,४८० पायऱ्या आहेत. त्याचा एक भाग १८८८ मध्ये दरड कोसळून खाली गेला.

शिळी_भाकरी

वरई?! म्हणजे म्हातारी उपासाचं करत होती.

मोडीवाचक, पाच वाक्यांत चार मुडदे पाडलेत. पौर्णिमा तेवढी सोडलीत, आभार.

खगोलवेडा

पौर्णिमा मी पाडतो.

कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आठवडाभर आधी, २२ मे १४५३ ला चंद्रग्रहण झालं होतं. वेढ्यातल्या लोकांनी तो अपशकुन मानला, म्हणून नोंद पक्की आहे. चंद्रग्रहण म्हणजे पौर्णिमा. तिथून १७ जून १४६२ पर्यंत ३,३१३ दिवस होतात (दोन्ही तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या, त्यामुळे मध्ये काही जोडायचं-वजा करायचं नाही). २९.५३ ने भागा. ११२ चांद्रमास होऊन साडेपाच दिवस उरतात. म्हणजे पौर्णिमा ११-१२ जूनला होऊन गेली. छाप्याची रात्र आपल्या हिशेबाने कृष्ण पंचमी-षष्ठीची.

आता संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळणाऱ्या कुणालाही विचारा, चतुर्थीचा चंद्र किती छळतो. हा त्याच्याही नंतरचा. तिथल्या अक्षांशावर तो रात्री अकराच्या मागेपुढे उगवला असणार. सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. म्हणजे व्लाडला सूर्यास्तानंतर तीनेक तास बिनचंद्राचे मिळाले आणि नंतर, पळ काढायच्या वेळी, वाट दिसण्यापुरता चंद्र. हा योगायोग की त्याने पाहून ठेवलेलं, ते तुम्ही ठरवा. मी कादंबरीकार असतो तर सोडलं नसतं.

आणखी एक. हिजरी ८६६ चा रमजान मे १४६२ च्या अखेरीस लागतो. म्हणजे छापा पडला तो रमजानच्या एकोणिसाव्या-विसाव्या रात्री. मोहिमेवरच्या सैनिकाला रोजा सोडायची मुभा असते, पण सगळ्यांनी सोडला असेल असं नाही. दिवसभर उन्हात पाण्याशिवाय चाललेली माणसं सूर्यास्तानंतर जेवून सुस्तावली आहेत आणि चंद्र अजून वर आलेला नाही.

मोडीवाचक

वा! आणि 'पाण्याशिवाय' हे शब्दशः घ्या. व्लाडने माघार घेताना विहिरींत विष कालवलं, पिकं जाळली, गुरं हाकलून नेली. तुर्की फौजेला वाटेत प्यायला पाणी नव्हतं.

रातकिडा

तुम्ही सगळे मिळून ताईंच्या कादंबरीचा पीएचडी प्रबंध करणार. कल्पित साहित्य आहे राव! व्हँपायर चालतो आणि मका चालत नाही? वाचकाला थरार हवा, पंचांग नको.

मोडीवाचक

व्हँपायर चालतो *म्हणूनच* मका चालत नाही. वाचक एक मोठी थाप गिळायला तयार होऊन पुस्तक उघडतो. लहान थापांचं त्याने कबूल केलेलं नसतं.

रातकिडा

हे पटलं. तरी पहाटेचं जळणं ठेवा, मस्त दृश्य आहे.

न्यूर्नबर्गची_सून

मला नेमकं त्याच दृश्याबद्दल बोलायचंय. उन्हात व्हँपायर जळून मरतो हे मध्ययुगीन तर नाहीच, १९ व्या शतकातलंही नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत काउंट भर दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हाने मरण आलं १९२२ च्या जर्मन मूकपटातून. म्हणजे तुमचं १४६२ मधलं घोडदळ १९२२ च्या नियमाने मरतंय. नियम मोडायला हरकत नाही, पण कुठला मोडतोय ते लिहिणाऱ्याला माहीत हवं.

आता व्लाड. मी राहते त्या गावाचा त्याच्याशी दोनदा संबंध आला. १४३१ मध्ये सम्राट सिगिस्मुंडने इथे त्याच्या बापाला 'ड्रॅगन' संघात घेतलं, त्यावरून बाप 'ड्रॅकुल' आणि मुलगा 'ड्रॅक्युला', म्हणजे ड्रॅकुलचा. आणि पुढे १४८८ ला, छपाई नवी नवी होती तेव्हा, इथेच त्याच्या क्रौर्याच्या गोष्टींची चोपडी छापली गेली. १४९९ च्या आवृत्तीवरचं काष्ठचित्र प्रसिद्ध आहे: सुळावर चढवलेल्या माणसांच्या मधोमध टेबल मांडून व्लाड जेवतोय. नीट बघा, *जेवतोय*. या चोपड्यांनी त्याच्यावर नाही नाही ते आरोप केले, पण तो मेल्यावर उठून लोकांचं रक्त प्यायचा असं त्याच्या शत्रूंनीही म्हटलेलं नाही. ती जोडणी स्टोकरची. १८९० मध्ये व्हिटबीच्या वाचनालयात विल्किन्सन नावाच्या माजी वकिलातदाराच्या १८२० च्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. त्याआधीच्या टिपणांत काउंटचं नाव चक्क 'व्हॅम्पिर' होतं आणि तो ऑस्ट्रियातला होता.

शिळी_भाकरी

म्हणजे माझा खलनायकच गेला? दीड वर्ष, बायांनो आणि बाप्यांनो. दीड वर्ष.

न्यूर्नबर्गची_सून

गेला नाही. उलट माणूस म्हणूनच तो जास्त भीतिदायक आहे. ११ फेब्रुवारी १४६२ ला त्याने हंगेरीच्या मॅथियास राजाला पत्र लिहिलं. डॅन्यूबकाठी केलेल्या कत्तलीचा हिशेब आहे: २३,८८४ माणसं. गावागावांनुसार आकडे. शिवाय घरातच जाळलेले या मोजणीत धरलेले नाहीत, अशी तळटीपही देतो! सोबत पुराव्यादाखल नाकं-कानांची पोती. एखाद्या जिल्हा कचेरीतल्या कारकुनासारखा बेरीज करणारा राजा. त्याला सुळे कशाला लावता?

तिरकस_तिर्री

सुळे नाही लावत तो. सूळ लावतो. (ह. घ्या.)

गोधडी

मी सहसा नुसतीच वाचते, पण आज लिहिते. बावीस वर्षं शवविच्छेदनगृहात काम केलंय, आता निवृत्त.

भाकरीताई, तुमचा व्हँपायर फिकट, सडपातळ, देखणा आहे ना? ज्यांनी खरोखर 'व्हँपायर' उकरून काढले त्यांनी तसा एकही पाहिला नाही. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोवा गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. गावाने ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला बोलावून थडगं उघडलं. नोंद सरकारी आहे: प्रेत ताजं, तोंडात रक्त, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, नखंही नवी. खुंटा मारला तर रक्त उसळलं.

यातली एकही गोष्ट मला नवीन नाही. मेल्यावर काही दिवसांनी पोटात वायू धरतो, प्रेत फुगतं, चेहरा तांबडा-जांभळा होतो. तोच वायू फुप्फुसातला लालसर द्रव तोंडा-नाकातून बाहेर ढकलतो. वरची कातडी नखांसकट निसटते, खालची गुलाबी दिसते. अशा छातीत खुंटा मारला तर हवा घशातून बाहेर पडते आणि आवाज येतो. मी तो आवाज ऐकलाय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नोकरी सोडायच्या बेतात होते.

उकरणाऱ्या गावकऱ्याने बघितलं ते खरंच बघितलं. अर्थ चुकीचा लावला, एवढंच. आणि तुमच्या नायिकेचा पेशा हाच आहे! तिला हे सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही तिच्या हातात तलवार दिलीत.

शिळी_भाकरी

गोधडीताई, हा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून नवऱ्याला ऐकवला. तो जेवत होता. सध्या बोलत नाहीये.

पण १७२५ म्हणजे माझ्या कथेनंतर अडीचशे वर्षं. १४६२ ला लोकांना ही भीती होती का?

मोडीवाचक

'व्हँपायर' हा शब्द पश्चिम युरोपात पसरला तो १८ व्या शतकात, सर्बियातल्या याच प्रकरणांमुळे. भीती मात्र खूप जुनी, आणि तिचे उत्तम लेखी पुरावे चक्क इंग्लंडमधले. यॉर्कशायरच्या विल्यम ऑफ न्यूबर्गने ११९८ च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात असे तीन-चार मुडदे आहेत. मेलरोजच्या मठाजवळचा एक पाद्री: जिवंतपणी देवधर्मापेक्षा शिकारीचा नाद जास्त, मेल्यावर आपल्या मालकिणीच्या दाराशी कण्हत फिरायचा. एका भिक्षूने पाळत ठेवून त्याच्यावर कुऱ्हाड घातली. सकाळी थडगं उघडलं तर प्रेतावर तीच जखम. दुसऱ्या गावात मुडद्याच्या वासाने रोगराई पसरली, बाप गमावलेल्या दोन भावांनी जाऊन प्रेत उकरलं, घाव घातला तर इतकं रक्त वाहिलं की न्यूबर्गने त्याला लॅटिनमध्ये 'जळू' म्हटलंय. रक्त पिणारा, या अर्थी.

याला हाडांची जोड आहे. यॉर्कशायरमध्येच व्हॅरम पर्सी नावाचं ओसाड मध्ययुगीन गाव आहे. तिथल्या एका खड्ड्यातल्या १३७ हाडांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान दहा माणसं, ११ व्या ते १४ व्या शतकातली. मेल्यावर सुरीने कापलेली, मोडलेली, जाळलेली. अभ्यासकांना सगळ्यांत पटणारं कारण: मेलेल्यांनी उठू नये म्हणून. आधी वाटलं, हे उपरे असतील, म्हणून गावाने असं वागवलं. दातांची रासायनिक तपासणी केली तर ते तिथेच वाढलेले निघाले.

गोधडी

गावचेच.

मोडीवाचक

गावचेच.

रातकिडा

अंगावर काटा आला. माझे थराराचे शब्द मागे घेतो.

एक सुचतंय. ताईंच्या कथेत काळप्रवासी एकच आहे असं आपण धरून चाललोय. व्हँपायर म्हणजे दुसरा काळप्रवासीच की. इरा उडी मारून १४६२ ला गेली, तो १४६२ पासून थांबत थांबत इराच्या काळात आला. तिला एक क्षण लागला, त्याला साडेपाचशे वर्षं.

गोधडी

आणि पहिल्या प्रकरणात इराच्या टेबलावर जे हाड असतं, कापल्याच्या खुणा असलेलं, त्या खुणा शेवटी तिच्याच हातच्या निघाव्यात. ती खूण बघून ती आधीच म्हणालेली असते, 'डावखुऱ्या माणसाने कापलंय, आणि हाडांचं ज्ञान असलेल्या.'

तिरकस_तिर्री

गोधडीताई, तुम्ही बावीस वर्षं चुकीच्या खात्यात काढलीत.

खगोलवेडा

पण मग तो थांबून आलेला कुठे गेला? हाड टेबलावर असेल तर तो मेलाय. मेला असेल तर साडेपाचशे वर्षं थांबला कोण? रातकिडा आणि गोधडीताई, तुमच्या दोन्ही कल्पना एकत्र नांदत नाहीत.

रातकिडा

एकाला कापला. तसे दोघे होते.

कोकणी_मेवा

अवांतर: या काळाचा आपल्याशी खरा धागा आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या आसपास होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला, सोबत विकायला एक घोडा. पावसाळा जुन्नरला काढला. तिथल्या असद खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. कुणा खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून सुटला. बिदरला तेव्हा महमूद गावान वजीर होता. त्याचा आणि मेहमेद सुलतानाचा पत्रव्यवहार होता, तोच मेहमेद! रातकिड्याचा दुसरा व्हँपायर घोड्यांच्या जहाजातून चौलला उतरवा की.

शिळी_भाकरी

मेवा, मोह होतोय, पण नको. मराठी कादंबरी म्हणून ओढूनताणून जुन्नर आणलं तर परत 'पटत नाही' येणार. दुसरा भाग लिहिला तर बघू. (वेताळ आणा असाही कुणीतरी खाजगी निरोप केलाय. आपला वेताळ झाडाला लटकून कोडी घालतो, रक्त पीत नाही. त्याला व्हँपायर म्हणायची खोड १८७० ला बर्टनसाहेबाने इंग्रजीत लावली.)

मोडीवाचक

शहाणपणाचा निर्णय. आता छाप्याबद्दल थोडं, कारण तुमची हाणामारी तिथेच आहे.

तुमच्या हस्तलिखितात व्लाड सुलतानासमोर पोचतो. तसं घडलं नाही, आणि जे घडलं ते जास्त चांगलं आहे. घोडदळ मशाली घेऊन छावणीत घुसलं, सुलतानाचा तंबू शोधत. अंधारात चुकून वजिरांच्या तंबूंवर जाऊन आदळलं, महमूद पाशा आणि इसहाक पाशाच्या. उंट-खेचरं कापली गेली. ग्रीक इतिहासकार खालकोकॉन्डिलीसने हे लिहिलंय. छावणीत असलेला कॉन्स्टंटिन मिहाइलोविच नावाचा सर्बियन जॅनिसरीही (सुलतानाच्या खास पायदळातला शिपाई) आठवणी लिहून गेलाय. तो म्हणतो, आम्ही सतत भीतीत होतो, रोज रात्री छावणीभोवती अणकुचीदार खुंट रोवून झोपायचो.

आणि व्लाड बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून काही वर्षं उस्मानी (तुर्की) दरबारात ओलीस होता, धाकट्या भावासकट. तुर्की बोलायचा. छावणी कशी मांडतात हे त्याला घरच्यासारखं माहीत. तरी तंबू चुकला. भाऊ राडू त्या रात्री पलीकडच्या बाजूला होता, सुलतानाच्या, आणि वर्ष संपायच्या आत गादीवरही तोच बसला.

न्यूर्नबर्गची_सून

पुढे सुलतान तिर्गोविश्तेला पोचला तेव्हा त्याला सुळावर चढवलेल्या प्रेतांचं रान दिसलं, खालकोकॉन्डिलीसच्या मते वीस हजार. जूनमधलं ऊन. गोधडीताई, तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणं एकाच वेळी, वीस हजार पट.

गोधडी

आणि त्यांच्यामधून इरा चाललीय, 'हे फक्त वायू आहेत, हे फक्त वायू आहेत' असं घोकत. शेवटच्या रांगेत एक प्रेत तिला फुगलेलं दिसत नाही.

रातकिडा

बास. आता झोप नाही.

शिळी_भाकरी

पंधरा दिवसांनी येतेय. पहिलं प्रकरण फेकून दिलं. व्लाड माणूसच आहे, तीन प्रसंगांत येतो आणि आकडे विचारून जातो. नवा तुकडा:

"लापशीला मिठाखेरीज चव नव्हती. म्हातारी बोलायची त्यातला तिसरा शब्द इराला कळायचा. 'साल,' तिने बोटांनी हवेत लिहून दाखवलं. म्हातारीने मान हलवली. आकडे पाद्र्याचे. तिला एवढंच ठाऊक होतं की मुलाला पुरून अकरा दिवस झाले होते आणि काल रात्री त्याने दार वाजवलं.

'कुठे पुरलंय?' इराने विचारलं.

म्हातारीने घराच्या मागे बोट दाखवलं. गावाच्या बाहेर नाही, घराच्या मागे. मग तिने कोनाड्यातली सुरी काढली, पदराला पुसली आणि इरापुढे धरली. मूठ इराच्या बाजूला. इराने डावा हात पुढे केला.

बाहेर चंद्र नव्हता."

मोडीवाचक

'तिसरा शब्द' छान. फक्त 'पदराला' काढा, तिथे 'ओटीच्या फडक्याला' करा. बाकी माझ्याकडून एकही मुडदा नाही.

तिरकस_तिर्री

लापशीत चवीला हिरवी मिरची तरी घालायची.

शिळी_भाकरी

अजून तीस वर्षं थांबा, कोलंबस निघालेला नाही.

खगोलवेडा

'बाहेर चंद्र नव्हता' ठीक, पण वेळ काय? अकरानंतर असेल तर होता.

शिळी_भाकरी

पहिला प्रहर, दादा. तुमच्याच हिशेबाने. म्हातारीचं दार तो चंद्र उगवायच्या आधीच वाजवतो.